गाड्यांचा तुटवडा असताना नवी गाडी घ्यायची आहे? बुकिंगपासून चावी हातात येईपर्यंत काय काय करायचं

शोरूममध्ये गेलात, गाडी आवडली, आणि समोरचा म्हणाला "वेटिंग आहे", की तिथून पुढे गाडी खरेदीचे नेहमीचे सगळे नियम बदलतात हे आधी डोक्यात पक्कं करा. एरवी आपण घासाघीस करतो, तीन ठिकाणचे कोटेशन काढतो, महिनाअखेरीला सेल्सवाल्याचं टार्गेट राहिलेलं असतं म्हणून मुद्दाम तेव्हाच जातो. तुटवड्यात यातलं फारसं काही चालत नाही, कारण तुम्ही नाही घेतली तर मागचा घेणारच आहे आणि हे त्याला तुमच्यापेक्षा जास्त चांगलं माहितीये. पण म्हणून आपल्या हातात काहीच उरत नाही असं अजिबात नाही. डिस्काउंट मिळत नसेल, अटी मिळतात. रिफंड कधी, भाव कुठल्या तारखेचा, रंग बदलला तर नंबर जाणार का, हे सगळं बोलता येतं आणि लिहून घेता येतं, आणि माझ्या मते तुटवड्यातली सगळी खरेदी या एकाच गोष्टीवर उभी असते. बाकीचं सगळं त्याच्या आजूबाजूचं.

आधी बघा नक्की कमी काय पडलंय

हे कुणीच करत नाही आणि खरं तर इथूनच सुरुवात करायला हवी. "गाड्या नाहीयेत" म्हणजे काय नाहीये? चिप नाही, वायरिंग नाही, रंग नाही, जहाज अडकलंय, की कंपनीने मुद्दाम दुसऱ्या मॉडेलवर जोर दिलाय? कारणावरून कळतं की वेटिंग दोन महिन्यांत संपणार की वर्षभर चालणार.

२०२० मध्ये काय झालं बघा. लॉकडाऊनमध्ये कार कंपन्यांनी कारखाने बंद केले आणि चिपच्या ऑर्डर कॅन्सल केल्या, तेवढ्यात लोक घरून काम करायला लागले आणि लॅपटॉप, गेमिंग कन्सोल, फोन यांची मागणी वाढली, चिप बनवणाऱ्यांनी मोकळी झालेली लाइन त्यांना दिली. वर्षाच्या शेवटी गाड्यांची मागणी परत आली तेव्हा कार कंपन्या रांगेत सगळ्यात मागे. त्यात फेब्रुवारी २०२१ मध्ये टेक्सासमध्ये थंडीच्या लाटेने वीज गेली आणि ऑस्टिनमधले सॅमसंग, एनएक्सपी, इन्फिनिऑनचे प्लांट बंद पडले, १९ मार्चला जपानमध्ये रेनेसास या चिप कंपनीच्या 'नाका' नावाच्या कारखान्याला आग लागली. चिप काही रात्रीत छापून होत नाही, सुरुवातीपासून हातात येईपर्यंत तीन-चार महिने सहज जातात, म्हणून आज प्लांट सुरू झाला तरी गाडीवर परिणाम दिसायला पुढचा सीझन उजाडतो. अशा तुटवड्यात "पुढच्या महिन्यात नक्की" असं कुणी म्हणालं की मी मनातल्या मनात त्यात तीन महिने मिळवते.

उलट २०११ च्या भूकंप आणि त्सुनामीनंतर जपानमधल्या ओनाहामाचा मर्क या केमिकल कंपनीचा कारखाना बंद पडला. तिथे गाडीच्या रंगात चमक आणणारं एक पिगमेंट बनायचं, आणि ते तेवढ्या एकाच ठिकाणी बनायचं. फोर्डने तेव्हा काही ठरावीक काळ्या आणि लाल शेडच्या ऑर्डर घेणं थांबवलं. गाडी होती, रंग नव्हता. त्या वेळी ज्याला पांढरी चालत होती त्याचं काहीच अडलं नाही. २०२२ मध्ये युक्रेनमध्ये युद्ध सुरू झालं तेव्हा तिथून येणारे वायरिंग हार्नेस, म्हणजे गाडीतल्या वायरींचे तयार जुडगे, थांबले आणि फोक्सवॅगन, बीएमडब्ल्यूच्या लाइन बंद ठेवाव्या लागल्या. आणि हे सगळं जुनं झालं असं समजू नका, ऑक्टोबर २०२५ मध्ये नेक्सपेरिया या चिप कंपनीवरून नेदरलँड्स आणि चीनमध्ये वाजलं आणि अगदी साध्या, स्वस्त चिप मिळेनात म्हणून होंडाला मेक्सिकोतला प्लांट थांबवावा लागला.

तर पहिलं काम, ज्या मॉडेलच्या मागे आहात त्याचं वेटिंग कशामुळे आहे ते बातम्यांमधून, कंपनीच्या स्टेटमेंटमधून, दोन वेगवेगळ्या डीलरकडून काढा. बऱ्याचदा कळतं की अख्खं मॉडेल अडलेलं नाही, फक्त वरच्या व्हेरियंटमधला मोठा स्क्रीन किंवा एखादा सेन्सर अडलाय, आणि त्याच्या खालचं व्हेरियंट लवकर मिळतंय. उलटंही होतं. चिप मोजक्याच असतील तर कंपन्या त्या जास्त नफ्याच्या गाड्यांना आधी लावतात, म्हणून बेस मॉडेलवाला सगळ्यात जास्त ताटकळतो. दोन्ही बाजूंनी विचारून बघा.

आत्ताच हवी आहे का

हे मी उपदेश म्हणून म्हणत नाहीये. जुनी गाडी चालू आहे आणि फक्त कंटाळा आलाय म्हणून बदलताय, तर तुटवड्यात बदलणं म्हणजे सगळ्यात महाग वेळेला बदलणं. टायर, बॅटरी, ब्रेक, सस्पेन्शन यावर थोडा खर्च करून एक-दीड वर्ष काढता येत असेल तर मेकॅनिककडून एकदा गाडी नीट तपासून घ्या आणि त्या खर्चाचा आकडा समोर ठेवून मग ठरवा. पण इंजिन किंवा गिअरबॉक्सचं मोठं काम निघालं असेल, घरात लहान बाळ किंवा आजारी माणूस असेल, रोजचं काम गाडीवर असेल तर थांबू नका, फक्त पुढचं सगळं नीट वाचा.

तीन कप्पे

कागद घ्या, खरंच कागद घ्या, आणि तीन कप्पे करा. पहिल्यात ज्याच्याशिवाय गाडी घेणारच नाही त्या गोष्टी, उदाहरणार्थ सहा एअरबॅग, ऑटोमॅटिक, सात सीट. दुसऱ्यात असलं तर बरं. तिसऱ्यात ज्याचं मला काही नाही. बहुतेक लोक सगळं पहिल्याच कप्प्यात टाकतात आणि मग दहा महिने थांबतात, ते पण कशासाठी तर एका रंगासाठी नाहीतर सनरूफसाठी. पहिल्या कप्प्यात चार-पाच गोष्टींच्या वर जाऊ देऊ नका. सेफ्टी मात्र कधीही दुसऱ्या कप्प्यात ढकलू नका, वेटिंग कितीही असलं तरी.

याचा फायदा हा की कुणी फोन करून म्हणालं "राखाडी कलर, एक व्हेरियंट वरचं, आत्ता उभी आहे, घेता का?" तर तुम्हाला रात्रभर विचार करत बसायला लागत नाही. तुटवड्यात अशी गाडी कधीकधी दोन तास पण थांबत नाही. आणि हो, दुसऱ्या कंपनीचं त्याच साइजचं एक मॉडेल पण चालवून बघा आणि यादीत ठेवा, एकाच गाडीवर जीव अडकला की समोरच्याला ते चेहऱ्यावर दिसतं.

डीलरला हे विचारा

"कधी मिळेल?" या प्रश्नाला काही अर्थ नाही, त्याचं उत्तर प्रत्येक जण तुम्हाला आवडेल तेच देतो. त्याऐवजी हे विचारा: या मॉडेलच्या महिन्याला किती गाड्या तुमच्याकडे येतात? माझ्या व्हेरियंटच्या किती? माझ्या आधी किती बुकिंग पेंडिंग आहेत? गेल्या महिन्यात ज्यांना डिलिव्हरी दिली त्यांनी बुकिंग कधी केलं होतं? शेवटचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. महिन्याला चार येतात आणि पुढे छत्तीस जण आहेत तर नऊ महिने, हा हिशेब तुम्ही उभ्या उभ्या करू शकता, कुणाच्या शब्दावर अवलंबून राहायला नको.

कंपनी प्रत्येक डीलरला गाड्यांचा कोटा देते आणि तो बहुधा त्याच्या आधीच्या विक्रीवर ठरतो, त्यामुळे मोठ्या डीलरकडे जास्त गाड्या येतात पण रांगही लांब असते. थोडं लांबच्या, कमी गर्दीच्या डीलरकडे फोन करा, एक दिवसाचा प्रवास करून चार महिने वाचत असतील तर मी तरी जाईन. फक्त रजिस्ट्रेशन, सर्व्हिस आणि वॉरंटीला काही अडचण येते का ते आधी विचारून घ्या.

बुकिंगचा कागद, इथे घाई नको

माझ्या बाबतीत जे झालं ते सांगते. बुकिंग करताना सेल्सच्या मुलाने सांगितलं की भाव आजचाच राहील, पैसे केव्हाही परत मिळतील, दहा आठवड्यांत गाडी. छान बोलला, मी टोकन भरून पावती घेऊन घरी आले. पावतीवर यातलं एक अक्षर नव्हतं. चार महिन्यांनी तो मुलगा नोकरी सोडून गेलेला होता, भाव दोनदा वाढला होता, आणि नवीन माणूस अगदी प्रामाणिकपणे म्हणाला की मॅडम माझ्याकडे असं काहीच लिहिलेलं नाहीये. त्याची चूक नव्हती. लिहिलेलं नव्हतंच. तेव्हापासून मी ओळखीतल्या प्रत्येकाला पकडून हेच सांगते की तोंडी शब्द हा त्या माणसाबरोबर निघून जातो.

कागदावर काय हवं: मॉडेल, व्हेरियंट, इंजिन, गिअरबॉक्स, पहिला आणि दुसरा पसंतीचा रंग, किती पैसे भरले, कशापोटी भरले. मग अटी. बुकिंग कॅन्सल केलं तर पूर्ण रक्कम परत मिळणार का, की काही कापणार, आणि किती दिवसांत मिळणार. भाव बुकिंगच्या दिवसाचा की डिलिव्हरीच्या दिवसाचा. बऱ्याच ठिकाणी फॉर्मच्या मागे बारीक अक्षरात डिलिव्हरीच्या दिवशीचा भाव लागू असं लिहिलेलं असतं, ते असेल तर एवढं तरी लिहून मागा की भाव अमुक टक्क्यांच्या वर गेला तर मला विनाकपात कॅन्सल करता येईल. अंदाजे तारीख आणि ती अमुक आठवड्यांनी चुकली तरीही तेच. व्हेरियंट किंवा रंग बदलला तर माझा रांगेतला नंबर तोच राहणार की परत शेवटी. बुकिंग नंबर डीलरच्या वहीतला आहे की कंपनीच्या सिस्टिममधला, हे पण विचारा, कंपनीच्या सिस्टिममधला असेल तर तो ऑनलाइन किंवा कस्टमर केअरला फोन करून तपासता येतो आणि तुमचा नंबर मधेच कुणाला दिला जाण्याची भीती कमी होते.

सगळं फॉर्मवर लिहून देत नसतील तर घरी येऊन एक साधा ईमेल टाका, "आज आपलं बोलणं झालं त्याप्रमाणे" असं म्हणून सगळे मुद्दे, आणि शेवटी "काही चूक असल्यास कळवा". तो हो म्हणाला तर उत्तमच, गप्प बसला तरी तुमच्याकडे तारखेसकट काहीतरी राहतं. व्हॉट्सॲपवर पण चालेल पण ईमेल बरा.

टोकन जितकं कमी तितकं बरं. पूर्ण पैसे भरले तर लवकर मिळेल असं कुणी म्हणालं तर चेसिस नंबर मागा. गाडी अलॉट झाली असेल तर १७ अक्षर-आकड्यांचा तो नंबर असतोच, नसेल तर गाडी अजून नाहीये आणि जी गाडी नाहीये तिचे पूर्ण पैसे भरायचं काही कारण नाही.

दोन डीलरकडे बुकिंग करून ठेवावं का? रिफंड पूर्ण आणि लेखी असेल तर करा, मला त्यात वावगं वाटत नाही. पण एक गाडी मिळाल्या मिळाल्या दुसरं त्याच दिवशी कॅन्सल करा, मागे कुणीतरी आपल्यासारखंच थांबलेलं असतं.

जास्तीचे पैसे आणि गळ्यात मारलेल्या वस्तू

तुटवड्यात वरचे पैसे दोन वाटांनी घेतले जातात. एक म्हणजे सरळ छापील किमतीच्या वर. २०२२ च्या सुरुवातीला अमेरिकेत हे इतकं वाढलं की फोर्ड आणि जनरल मोटर्सने स्वतः डीलरना बजावलं की हे थांबलं नाही तर तुमच्या वाट्याच्या गाड्या कमी करू. म्हणजे कंपन्यांनाही हे आवडत नाही, आणि कुणी असं मागत असेल तर कंपनीच्या कस्टमर केअरला लेखी कळवणं वाया जात नाही. दुसरी वाट जास्त गुळगुळीत. सीट कव्हर, कोटिंग, एक्स्टेंडेड वॉरंटी, त्यांच्याचकडचा इन्शुरन्स, हे घेतलं तरच गाडी. इथे भांडण न करता प्रत्येक वस्तूची वेगळी किंमत लिहून मागा. आकडे वेगळे झाले की काय काढायचं ते दिसतं आणि त्यांनाही "कंपल्सरी आहे" हे कागदावर लिहायला जड जातं. शेवटी काहीतरी घ्यावंच लागलं तर असं घ्या जे तुम्ही तसंही घेतलं असतं.

वरचे पैसे देताना पुढचं पण बघा. तुटवडा संपला की भाव खाली येतात. जानेवारी २०२३ मध्ये टेस्लाने अमेरिका आणि युरोपात किमती २० टक्क्यांपर्यंत उतरवल्या, आणि ज्यांनी काही आठवड्यांपूर्वीच घेतली होती त्यांच्या गाडीची किंमत एका रात्रीत पडली. लोन जास्त आणि डाउन पेमेंट कमी असेल तर अशा वेळी गाडीच्या किमतीपेक्षा कर्ज मोठं होऊन बसतं. म्हणून या काळात डाउन पेमेंट थोडं जास्त ठेवा आणि मुदत कमी.

लोन आणि जुनी गाडी

लोन आधी मंजूर करून घ्या पण मंजुरीची मुदत आणि व्याजदर किती दिवस धरून ठेवतील ते विचारा, वेटिंग आठ महिन्यांचं आणि मंजुरी दोन-तीन महिन्यांची असं होतं आणि मग ऐन वेळी दर बदललेला असतो. दर तीन महिन्यांनी बँकेला एक फोन, बास.

जुन्या गाडीला मात्र हाच काळ सोन्याचा. नवीन मिळत नाही म्हणून लोक जुनीकडे वळतात. अमेरिकेत जानेवारी २०२२ मध्ये वापरलेल्या गाड्यांचे भाव वर्षभरात ४०.५ टक्क्यांनी वाढलेले होते. त्यामुळे एक्स्चेंजमध्ये बुकिंगच्या दिवशी सांगितलेला भाव पकडून बसू नका, डिलिव्हरीच्या आधी बाहेर दोन ठिकाणी परत दाखवा. पण नवीनचा चेसिस नंबर हातात येईपर्यंत जुनी विकू नका. भाव चांगला मिळाला म्हणून विकून टाकली आणि मग पाच महिने टॅक्सीने फिरत बसले असे लोक मी बघितलेत.

वाट बघताना

पंधरा दिवसांतून एकदा फोन. रोज केला तर टाळतात, अजिबात केला नाही तर विसरतात. सेल्सवाल्याबरोबर मॅनेजरचाही नंबर ठेवा. दुसऱ्याने कॅन्सल केलेल्या गाडीसाठी "मला हे तीन रंग आणि ही दोन व्हेरियंट चालतील" असं लिहून ठेवा त्यांच्याकडे, माझी गाडी शेवटी अशीच आली. डेमो कारचं पण विचारा, किलोमीटर किती, वॉरंटी कधीपासून धरणार, आणि किंमत नव्याइतकीच सांगत असतील तर सोडून द्या.

गाडी आली, आता सही करायच्या आधी

तुटवड्यातल्या गाड्यांचा एक खास प्रॉब्लेम असतो. २०२१ मध्ये कंपन्यांनी चिपशिवाय हजारो गाड्या बनवून मैदानांत उभ्या केल्या होत्या आणि चिप आल्यावर त्या पूर्ण केल्या. म्हणजे "नवीन" गाडी महिनोन्‌महिने ऊन-पावसात उभी राहिलेली असू शकते. म्हणून रजिस्ट्रेशनच्या आधी, दिवसाच्या उजेडात, स्वतः जाऊन बघा.

बनवल्याचा महिना आणि वर्ष बघा, पुढे विकताना तेच मोजलं जातं. टायरच्या बाजूला चार आकडी कोड असतो, पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष, २३२४ म्हणजे २०२४ चा तेविसावा आठवडा. पाचही टायरचे बघा, साधारण जवळपासचे हवेत. बॅटरी मल्टिमीटरने मोजायला सांगा, गाडी बंद असताना साध्या १२ व्होल्टच्या बॅटरीला १२.६ च्या आसपास हवं, १२.२ किंवा खाली असेल तर ती बराच काळ डिस्चार्ज होऊन पडलेली असणार, नवीन बॅटरी मागा. ब्रेक डिस्कवरचा पातळ गंज दोन ब्रेकमध्ये जातो, जाड खवले असतील तर बदलून मागा. वायपर आणि दाराची रबरं कडक झालीत का, बॉनेटखाली वायर उंदराने कुरतडल्यात का. एकाच जागी उभी राहून टायर चपटे झाले असतील तर थोडं चालवल्यावर स्टिअरिंगला थरथर जाणवते, ती वीसेक मिनिटांत गेली नाही तर टायरचं बोला. चेसिस नंबर टाकून रिकॉल (दोष निघाला म्हणून कंपनीने दुरुस्तीला परत बोलावणं) आणि सॉफ्टवेअर अपडेट पेंडिंग आहे का ते काढून घ्या.

आणि आता सगळ्यात जास्त सुटणारी गोष्ट. ब्रोशरमध्ये असलेलं सगळं या गाडीत आहे का? २०२१ मध्ये बीएमडब्ल्यूने काही मॉडेलमधून टचस्क्रीन काढला, जनरल मोटर्सने काही गाड्यांमधून गरम होणाऱ्या सीट काढल्या, फोर्डने २०२२ मध्ये एक्सप्लोरर मागच्या सीटच्या एसी कंट्रोलशिवाय दिल्या आणि चिप नंतर बसवू म्हणाले, टोयोटाने त्याच वर्षी जपानमध्ये दोनऐवजी एकच स्मार्ट चावी दिली आणि दुसरी साधी. ब्रोशर हातात घेऊन एकेक बटण दाबून बघा, अर्धा तास लागला तरी लागू दे. काही कमी असेल तर दोनच प्रश्न, नंतर बसवून देणार का, नसेल तर किती पैसे कमी करणार. बसवून देणार असतील तर कुठला पार्ट, कुठल्या तारखेपर्यंत, फुकट, आणि नाही झालं तर किती रक्कम परत, हे डीलरच्या लेटरहेडवर सही-शिक्क्यासकट घ्या आणि मगच इनव्हॉइसवर सही करा. त्या तारखेचा रिमाइंडर फोनमध्ये तिथेच उभ्या उभ्या लावून टाका, आणि दुसरं बुकिंग कुठे केलेलं असेल तर ते कॅन्सल करायचा ईमेल पण तेव्हाच पाठवा.